परोपजीवी गांधीलमाश्या ओळखताना: इक्न्यूमोनिड आणि ब्रॅकोनिड कुळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी पाऊस ओसरला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच धाटणीचे फोटो यायला लागतात. बारीक कंबर, सतत थरथरणाऱ्या लांब मिशा, मागे सुईसारखी शेपटी आणि खाली प्रश्न: ‘सर, हे काय आहे? चावतं का?’ तीच ती उत्तरं शंभरदा टाइप करून कंटाळलो, म्हणून हे पान. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत संपतात.

शेपटीला एवढी मोठी सुई आहे. डंख मारेल का?

बहुतेक नाही. ती सुई म्हणजे अंडनिक्षेपक, अंडी घालायचा अवयव. मधमाशीचा किंवा लाल गांधीलमाशीचा डंख हे याच अवयवाचं बदललेलं रूप आहे, म्हणून तर डंख फक्त माद्यांना असतो. सुई जितकी लांब तितकी माशी आपल्यासाठी निरुपद्रवी, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही. लांब सुई असते ती लाकडात किंवा खोडात खोल दडलेल्या अळीपर्यंत पोचायला.

सांभाळायचं ते आखूड सुईवाल्यांना, त्यातही रात्री दिव्यावर येणाऱ्या मोठ्या तांबूस माश्यांना. चिमटीत धरलं तर त्या टोचतात. मला दोनदा टोचलंय. तांबड्या मुंग्यांनी घेतलेल्या चाव्याइतकं झोंबलं आणि अर्ध्या तासात विसरूनही गेलो. उगाच पकडली नाही तर ती अंगावर येत नाही. तिला सांभाळायला पोळं नसतं, त्यामुळे चिडून मागे लागायचंही तिला कारण नसतं.

मेलेल्या माशीला तीन शेपट्या दिसतात. वेगळी जात का?

नाही. मधली सुई, बाजूच्या दोन म्हणजे तिची म्यान. जिवंतपणी तिन्ही मिटून एकच दिसते, वाळल्यावर म्यान उकलते.

ही गांधीलमाशीच कशावरून? मला तर मोठा डास वाटला.

पंख मोजा. डास, घरमाशी, लांब पायांची क्रेनमाशी या सगळ्यांना पंखांची एकच जोडी. गांधीलमाश्यांच्या हायमेनॉप्टेरा गणात दोन जोड्या. फसगत होते ती अशी, की मागचा पंख पुढच्याला बारीक आकड्यांनी अडकवलेला असतो आणि फोटोत दोन्ही मिळून एकच दिसतो.

मग कंबर पाहा. मोहरी-मुळ्यावर येणारी नारिंगी अंगाची सॉफ्लाय याच गणातली, पण तिचं उदर वक्षाला सरळ जोडलेलं, मध्ये कंबर अशी नाहीच. मग मिशा. कागदी पोळं करणाऱ्या गांधीलमाशीच्या मादीच्या मिशीला १२ पेरं असतात, नराच्या १३. आपल्या या दोन कुळांत पेरं सहसा १६ पेक्षा जास्त, कधी तीस-चाळीस. मोजत बसायची गरज नाही, मिशी दोऱ्यासारखी लांब आणि बारीक बारीक मण्यांची दिसते एवढं पुरे. शेवटी पुढच्या पंखाची पुढची कड पाहा. तिथल्या दोन जाड शिरा एकमेकींना चिकटलेल्या असतात, मध्ये फट नसते. नेहमीच्या गांधीलमाशीत तिथे लांबट फट दिसते. एवढं जुळलं की तुम्ही योग्य घरात आलात.

परोपजीवी आणि परजीवी एकच ना?

बोलताना सर्रास एकच. पण ऊ किंवा गोचीड ज्याच्या अंगावर जगते त्याला सहसा मारत नाही, मारून तिचाच तोटा. या माश्यांची पिल्लं मात्र यजमान अळीला आतून किंवा बाहेरून खात वाढतात आणि शेवटी तो यजमान मरतोच. मोठी झालेली माशी फुलातला मध नाहीतर माव्याने गाळलेला गोड चिकटा चाटून दिवस काढते. शेतीची पुस्तकं याला परोपजीवी कीटक म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.

दोन कुळांतला फरक नेमका काय?

हा खरा प्रश्न. इक्न्यूमोनिड कुळात नावं दिलेल्या जाती २५ हजारांहून जास्त, ब्रॅकोनिड कुळात सुमारे २० हजार. पक्ष्यांच्या जगभरच्या साऱ्या जाती मिळून अकरा हजारांच्या आसपास भरतात, यावरून पसारा लक्षात घ्या. इतक्या गर्दीत रंग आणि आकार फारसे कामाला येत नाहीत. कामाला येतात पंखाच्या शिरा.

पुढचा पंख घ्या, फक्त पुढचा. त्याच्या पुढच्या कडेवर, निम्म्याच्या जरा पलीकडे, एक गडद डाग असतो. सुरुवात तिथून. डागाच्या खाली पंखाच्या मधोमध कप्प्यांची जाळी आहे. त्या जाळीतून पंखाच्या मागच्या कडेकडे उतरणाऱ्या छोट्या आडव्या शिरा शोधा. त्यातली बुडाकडची एक दोन्ही कुळांत असते. तिच्या पलीकडे, टोकाच्या बाजूला, तशीच दुसरी दिसली तर माशी इक्न्यूमोनिड. दुसरी नसेल तर ब्रॅकोनिड. ही दुसरी शीर मध्येच कुठेतरी पुसट होते, जणू पेन्सिलीने काढताना टोक उचललं गेलं. नवखा माणूस तिथे ‘शीर तुटली’ म्हणून ब्रॅकोनिड ठरवून मोकळा होतो. तुटली तरी ती आहे, मोजायची.

दुसरी खूण याच्या उलट चालते. डागाच्या आधीचा, बुडाकडचा भाग बघा. ब्रॅकोनिडमध्ये तिथे सहसा एक तिरकी छोटी शीर येऊन दोन वेगळे कप्पे करते. इक्न्यूमोनिडमध्ये ती शीरच गेलेली असते. मधली भिंत पाडून दोन खोल्यांचा एक हॉल करावा तसा एकच मोठा कप्पा उरतो, आणि त्याचा आकार घोड्याच्या तोंडासारखा दिसतो. हे घोड्याचं तोंड एकदा डोळ्यांत बसलं की पुन्हा शिरा मोजाव्या लागत नाहीत. पुष्कळ इक्न्यूमोनिडांत या कप्प्याच्या टोकाशी एक चिमुकला बंद कप्पाही असतो, तिकोनी किंवा पाचकोनी. तो पुढे दिव्यावरच्या माश्यांच्या वेळी लागेल.

तिसरी खूण भिंगाखालची. ब्रॅकोनिडच्या उदराच्या पाठीवरची दुसरी आणि तिसरी पट्टी एकमेकींत घट्ट जुळलेली असते, सांध्यावर वाकत नाही. इक्न्यूमोनिडमध्ये बहुधा सुटी. मेलेली माशी हातात असेल तर टाचणीच्या टोकाने हळूच उचलून बघता येतं.

अपवाद आहेतच. माव्यावरच्या ब्रॅकोनिडांच्या पंखात शिरा इतक्या कमी होतात की मोजायला काही उरत नाही, आणि काही थोड्या इक्न्यूमोनिडांत ती दुसरी शीर नसते. पण शंभरात पंचाण्णव वेळा पंख खरं सांगतो.

आकारावरून नाही का सांगता येत? मोठी ती इक्न्यूमोनिड असं वाचलं होतं.

अंदाज बांधायला ठीक. ब्रॅकोनिड बहुतेक २ ते ८ मिलिमीटरच्या, इक्न्यूमोनिड त्याहून मोठ्या. पण ४ मिलिमीटरच्या इक्न्यूमोनिड भरपूर आहेत आणि दीड सेंटिमीटरची ब्रॅकोनिडही मी पाहिली आहे.

आणि रंगावरून?

नको. लाल-केशरी अंग आणि काळपट पंख ही जोडी ब्रॅकोनिडांत फार दिसते म्हणून लोक तीच खूण धरतात. तोच गणवेश इक्न्यूमोनिडांतही आहे, काही ढेकणांतही आहे.

रात्री ट्यूबलाइटवर येणारी तांबूस, लांब पायांची, वाकड्या उदराची कोण?

सर्वात जास्त फोटो हिचेच येतात. उदर बाजूने चपटं, विळ्यासारखं वाकलेलं. डोक्यावर मोठे टपोरे डोळे आणि त्यांच्या मध्ये तीन मोठे ठळक बिंदू, तेही डोळेच. रात्री उडणाऱ्या बहुतेक इक्न्यूमोनिडांचा हाच पोशाख: विटकरी अंग, मोठे डोळे.

आपल्याकडे दिव्यावर मुख्यतः दोन प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) येतात, एनिकोस्पिलस आणि नेटेलिया. दिसायला बहिणी, पण उपकुळं वेगळी. मी स्वतः जवळजवळ दोन वर्षं प्रत्येक नेटेलियाला एनिकोस्पिलस म्हणत होतो, वहीभर चुकीच्या नोंदी आहेत. फरक पुन्हा पंखातच. घोड्याच्या तोंडाच्या टोकाशी तो चिमुकला बंद कप्पा दिसला तर नेटेलिया. कप्पा नाही आणि डागाखालच्या मोठ्या कप्प्यात एक टक्कल पडल्यासारखा केसविरहित भाग आहे, त्यात तपकिरी कणासारखे एक-दोन ठिपके आहेत, तर एनिकोस्पिलस. पंखावर चहाची भुकटी सांडल्यासारखे ते दिसतात. हे ठिपके किती, कुठे आणि कोणत्या आकाराचे, यावर या प्रजातीतल्या जाती ठरतात.

दोघींचे धंदेही वेगळे. एनिकोस्पिलस अळीच्या आत अंडं घालते. नेटेलिया अंडं बाहेर, अळीच्या डोक्यामागे चिकटवते: काळं, चकचकीत, बारीक देठ असलेलं. देठ कातडीत रोवलेला असतो, त्यामुळे अळीने कात टाकली तरी अंडं जागचं हलत नाही. अळी मातीत शिरून कोषाची तयारी करेपर्यंत नेटेलियाचं पिल्लू तिला संपवत नाही. पानाखाली जाड अळी दिसली आणि मानेवर एखाद-दुसरा काळा मणी दिसला तर तो झटकू नका, फोटो काढा.

पिवळीधमक, अंगावर काळे ठिपके, जाडसर. मधमाशीएवढी.

झँथोपिम्पला. बागेत दिवसा दिसणाऱ्यांत ओळखायला सगळ्यात सोपी. पिवळ्या उदरावर काळ्या ठिपक्यांच्या जोड्या जणू ठशाने उमटवलेल्या. हीही इक्न्यूमोनिडच. ती कोषातल्या पतंगांवर जगते आणि हिच्यातली एक जात खोडकिड्याच्या कोषावर येते, म्हणून शेतकऱ्याची मैत्रीण.

पण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागातल्या टसर रेशीम उत्पादकांना हे सांगून बघा. तिथे झँथोपिम्पला पेडेटर ही ‘पिवळी माशी’ म्हणून बदनाम आहे. ऐनाच्या झाडावर टसरची अळी कोष विणायला बसली, कवच अजून मऊ आहे, तेवढ्यात ही त्यातून सुई घालते. पुढे कोषातून फुलपाखरासारखा मोठा पतंग निघायच्या ऐवजी पिवळी माशी भोक पाडून निघते. भोक पडलं की धागा तुटला आणि कोष वाया गेला. मित्रकीटक हा शब्द वापरताना म्हणूनच मी जरा जपून असतो. माशी कोणाच्या पिकावर बसली आहे, त्यावर ती मित्र की शत्रू हे ठरतं.

अळीच्या पाठीवर पांढरी अंडी आहेत, तांदळाच्या दाण्यांसारखी. काढून टाकू का?

ती अंडी नाहीत. ते कोष आहेत, आणि काढू नका.

ब्रॅकोनिड कुळातल्या कोटेशिया आणि तिच्या भावकीतल्या माश्यांचं हे काम. मादीने अळीच्या आत अंडी घातली, पिल्लं आतच वाढली, शेवटी एकाच दिवशी कातडी भोसकून बाहेर आली आणि प्रत्येकीने स्वतःभोवती रेशमाचा दाणा विणला. मी हे एकदा सुरुवातीपासून पाहिलं आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास अळीच्या बाजूला हिरवट-पांढरं टोक डोकावलं, मग दुसरं, मग एकदम दहा-बारा. प्रत्येक पिल्लू अर्धं बाहेर, अर्धं आत, आणि बाहेरच्या तोंडाने इंग्रजी आठच्या आकड्यात डोकं फिरवत धागा काढणं चालू. तासाभरात अळीला लोकरीचं झबलं घातल्यासारखं झालं. अळी तेव्हाही जिवंत होती. पाय हलत होते, पण खाणं बंद.

आतमध्ये अळीचं शरीर या पिल्लांचा प्रतिकार का करत नाही, याचं उत्तर भन्नाट आहे. मादी अंड्यांबरोबर विषाणूसारखे कण सोडते आणि ते अळीची रोगप्रतिकारशक्ती बंद पाडतात. हे कण बनवण्याची माहिती माशीच्याच जनुकांत कोरलेली आहे. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी एका विषाणूने माशीच्या पूर्वजात घर केलं, तो आजवर तिथेच आहे.

सगळ्यांचे कोष असे पाठीवर नसतात. एरंडीच्या उंटअळीवर जगणारी ब्रॅकोनिड एका अळीतून एकच निघते आणि तिचा कोष अळीच्या मागच्या टोकाशी चिकटलेला सापडतो. ज्वारी-मक्याच्या खोडकिड्यावरच्या कोटेशिया फ्लॅव्हिपेसचे कोष बाहेरून दिसतच नाहीत. ताट उभं चिरलं की अळीच्या बोगद्यात कापसाचा बोळा अडकलेला असतो. अळीने पोखरलेल्या बोगद्यात शिरून, तिच्या जबड्याला चुकवत तिला टोचणारी ही २-३ मिलिमीटरची माशी आशियातली. आपला ज्वारीचा खोडकिडा आफ्रिकेत पोचून तिथला मका खाऊ लागला, तेव्हा १९९३ मध्ये केनियात ही माशी मुद्दाम सोडली गेली आणि तिथे रुळली. जुन्या पुस्तकांत ती ॲपँटेलिस फ्लॅव्हिपेस नावाने सापडेल. या कुळात नावं सारखी बदलतात, गोंधळून जाऊ नका.

हरभऱ्याच्या झाडावर करडा कोष चिकटलाय, शेजारी सुकलेली कातडी. हे पण तेच?

नाही, ही इक्न्यूमोनिड आहे: कॅम्पोलेटिस क्लोरिडी. घाटेअळी लहान असतानाच ही तिच्यात एकच अंडं घालते. पिल्लू मोठं होऊन बाहेर येतं तेव्हा घाटेअळी अजून जेमतेम मधल्या वयाची असते, घाट्यांना भोकं पाडायच्या वयाची झालेलीच नसते. करड्या-पांढरट कोषावर गडद डाग असतात, लांबून चिमणीच्या विष्ठेसारखा दिसतो. बाजूला अळीच्या कातडीचं चिपाड लटकलेलं. विदर्भ-मराठवाड्यात डिसेंबरात फुलोऱ्यावरच्या हरभऱ्यात वाकून शोधलंत तर सापडायला फार वेळ लागत नाही. मात्र त्याआधी फवारणी झाली असेल तर कोष सापडायची आशा सोडा.

वालाच्या वेलावरचा मावा फुगून सोनेरी झालाय.

ती माव्याची ममी. मावा मेला, आतला ऐवज संपला, कातडी फुगून टणक झाली आणि आत ब्रॅकोनिडचं पिल्लू कोषात आहे. रंग सोनेरी-तपकिरी आणि आकार गोल असेल तर ब्रॅकोनिड. काळी, लांबट ममी असेल तर ती चाल्सिड या चिमुकल्या गांधीलमाश्यांच्या गटातल्या दुसऱ्याच कुळाची. ममीच्या मागच्या बाजूला गोल झाकण उघडलेलं दिसलं की समजा, माशी गेली. कढीपत्त्याची डहाळी तोडतो तसा ममी असलेला शेंडा तोडून काचेच्या बाटलीत ठेवा, आठवड्याभरात उत्तर स्वतःच उडायला लागेल.

घरी वाढवून ओळखायचं म्हणजे नेमकं कसं?

माझ्या मते ओळखीची हीच खरी वाट. उडती माशी पकडलीत तर हातात फक्त माशी येते. अळीतून निघालेली माशी असेल तर ती कोणातून निघाली, कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, हे सगळं बरोबर मिळतं, आणि तज्ज्ञाला निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

लोणच्याची रिकामी बरणी, तोंडाला सुती कापड आणि रबर. तळाला टिश्यू पेपर, म्हणजे ओल शोषली जाईल. अळी ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पानं रोज, आणि विष्ठा रोज साफ. बरणीवर चिठ्ठी: तारीख, गाव, झाड, अळीचं वर्णन. चिठ्ठी त्याच दिवशी लिहा. एका ऑगस्टमध्ये मी आठ बरण्या ओळीने मांडल्या, ‘लक्षात राहील’ म्हणून चिठ्ठ्या लावल्या नाहीत, आणि घरात रंगकाम निघाल्यावर कोणीतरी बरण्या हलवल्या. सगळ्यांतून माश्या निघाल्या. एकीचाही आजवर उपयोग झालेला नाही.

अळीतून कोष बाहेर आले की मेलेली अळी तशीच राहू द्या. आणि निघालेली वस्तू दोन पंखांची, केसाळ, घरमाशीसारखी असेल तर ती गांधीलमाशीच नव्हे. टॅकिनिड माश्याही अळ्यांवर अशाच जगतात. रेशीम उत्पादकांना त्यातली उझी माशी चांगली माहीत असते.

एकाच कोष-पुंजक्यातून दोन प्रकारच्या माश्या निघाल्या. असं होतं का?

होतं, आणि इथेच भले भले फसतात. परोपजीवीवर जगणारे परोपजीवी असतात. कोटेशियाच्या कोषावर दुसरी माशी येऊन त्यात अंडं घालते, मग त्यातून कोटेशियाऐवजी तीच निघते. म्हणजे पान खाल्लं अळीने, अळी खाल्ली कोटेशियाने, कोटेशिया खाल्ली तिसरीने.

रिकामे कोष भिंगाखाली बघा. कोटेशिया निघताना टोकाशी नीट वर्तुळाकार झाकण कापते, कित्येकदा ते बिजागरीला लटकलेलं असतं. तिसरी पाहुणी मनाला येईल तिथे ओबडधोबड भोक कुरतडते. ती निघतेही उशिरा. म्हणून पहिल्या माश्या निघाल्या म्हणजे काम झालं असं समजून बरणी धुवू नका, आणखी दोन आठवडे थांबा.

कुंभारीण म्हणतात ती हीच का? अळी आणून घरात कोंडते ती?

नाही, पण प्रश्न फार जुना आहे. कुंभारीण मातीचं घर बांधते, खिडकीच्या चौकटीत, स्विचबोर्डच्या भोकात. त्यात डंखाने बधिर केलेल्या अळ्या किंवा कोळी भरते, अंडं घालते, तोंड लिंपून निघून जाते. ती शिकारी गांधीलमाशी. आपल्या दोन कुळांतल्या माश्या सहसा घर बांधत नाहीत आणि भक्ष्य उचलूनही नेत नाहीत. अळी जिथे सापडली तिथेच तिच्यात किंवा तिच्यावर अंडं ठेवतात.

भ्रमर-कीटक न्याय आठवा: भृंगीने कोंडलेला कीटक तिचं ध्यान करता करता भृंगीच होतो. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये तिचा मान आहे. निरीक्षण अगदी बिनचूक, आत गेली अळी आणि बाहेर आली माशी. मधल्या अंड्यावर मात्र कोणाची नजर पडली नाही, आणि ते पडणं सोपंही नव्हतं. मातीची सुगडी करणाऱ्या काही जातींत ते अंडं छताला बारीक धाग्याने टांगलेलं असतं.

घरात भिंतीवर काळी, उदर झेंड्यासारखं वरखाली हलवणारी दिसते.

इव्हानिया. वेगळं कुळ. उदर एवढंसं आणि वक्षाला वरच्या बाजूने चिकटवल्यासारखं. झुरळांच्या अंड्यांच्या डबीत अंडं घालते. ती दिसली म्हणजे घरात झुरळं आहेत. तिला मारू नका, झुरळांचं बघा.

ट्रायकोकार्डमधल्या माश्या याच कुळातल्या?

नाही. कीड रोखायला शेतात लावतात त्या ट्रायकोकार्डावर पतंगाची अंडी चिकटवलेली असतात, त्यांत ट्रायकोग्रामा नावाची माशी वाढते. ती चाल्सिड गटातली. अर्ध्या मिलिमीटरची, पंखात शिरा जवळजवळ नाहीतच, आणि ती अळीवर न येता पतंगाच्या अंड्यावर येते. कार्डावरची अंडी काळी पडलेली दिसतात ती याच कारणाने.

फोटो कसा काढला तर ओळख पटेल?

वरून नाही, बाजूने. आणि निदान एक फोटो असा की एक पुढचा पंख सपाट, फोकसमध्ये आणि मागे फिकी पार्श्वभूमी. हिरव्या पानावर बसलेल्या माशीच्या पंखाच्या शिरा दिसत नाहीत, पांढऱ्या भिंतीवर दिसतात. मोबाइलला चिमट्याने लावायची भिंगं मिळतात, तेवढ्याने काम भागतं. फ्लॅश बंद ठेवा, पंख आरशासारखा चमकतो. शेजारी मापपट्टी धरा. ‘छोटी होती’ यावरून काही कळत नाही.

ॲपने जातीचं नाव सांगितलं. बरोबर असेल का?

प्रजातीपर्यंत आलं असेल आणि ती झँथोपिम्पलासारखी ठसठशीत असेल तर कदाचित. जातीवर माझा विश्वास नाही. युरोपातल्या फोटोंवर शिकलेलं ॲप साताऱ्याच्या माशीला बिनदिक्कत ब्रिटनमधलं नाव देतं. कुळ बरोबर आहे का ते पंखावरून तपासा आणि तिथेच थांबायची लाज बाळगू नका. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त नोंदी ‘इक्न्यूमोनिड, पुढे माहीत नाही’ अशा आहेत.

मग जातीपर्यंत पोचायचं कसं?

नमुना तज्ज्ञाकडे. भारतातल्या इक्न्यूमोनिडांवरचा क्लॉड मॉर्ली यांचा ब्रिटिशकालीन खंड १९१३ चा आहे. त्यातली नावं पुष्कळ बदलली, पण वर्णनं वाचायला अजून मजा येते. आज पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. बंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे, पिकांवरच्या परोपजीवींसाठी तो पत्ता योग्य. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्र विभाग आहेत. आधी विचारा, मग पाठवा. अभयारण्यातून काही गोळा करायचं तर वनखात्याची परवानगी लागते, हे विसरू नका.

नर-मादी कशी ओळखायची?

सुई दिसली तर मादी. सुई नाही म्हणून नर, असं मात्र लगेच ठरवू नका, काही माद्यांची सुई उदरात लपलेली असते. आणि हो, फळलेल्या अंड्यातून मादी, न फळलेल्यातून नर. नराला बाप नसतो, आजोबा असतात.

इक्न्यूमॉन हा शब्द आला कुठून?

ग्रीक. अर्थ माग काढणारा. याच शब्दाने ग्रीक लोक इजिप्तमधल्या मुंगसालाही ओळखत. मिशा आपटत पानापानावर हुंगत चाललेली मादी बघितलीत की शब्द पटतो.

मेलेली माशी सापडली आहे. कशात ठेवू?

वाळलेली असेल तर आगपेटीत कापसावर, मुंग्यांपासून लांब. ताजी असेल तर ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत. सॅनिटायझर चालत नाही, त्यातली जेल पंखांना चिकटते. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई दोन दिवसांत अल्कोहोलमध्ये उतरते आणि तुमच्याकडे निळ्या पाण्यात बिननावाची माशी उरते.